खिचडीचे पदार्थविज्ञान

आमच्या मामांच्या ट्रंकेत 'पदार्थविज्ञान' नावाचे एक जुने क्रमिक पुस्तक होते. लहानपणी मी ते मोठ्या आशेने उघडले. लाडू, चकली, अळूवडी यांच्याविषयी कोणीतरी एवढा जाडजूड ग्रंथ लिहावा, याचे मला कौतुक वाटले होते. आत पाहतो तो कप्पी, तरफ आणि उतरण! तेव्हापासून त्या शास्त्रावर माझी जी खप्पा मर्जी झाली ती कायमची. दहावीनंतर आम्ही उभयपक्षी संमतीने काडीमोड घेतला. ते आपल्या वाटेने गेले, मी मराठी घेऊन एम. ए. झालो, आणि गेली एकोणीस वर्षे एका महाविद्यालयात मराठी शिकवून सुखाने राहत आहे. या एकोणीस वर्षांत पदार्थविज्ञानावाचून माझे काही अडले नाही. अडले ते गेल्या श्रावणात, आणि तेही एका पदार्थापाशीच.

त्याचे असे झाले. शनिवार होता. आमची सौ. मुलीला घेऊन चार दिवसांसाठी नाशिकला माहेरी गेली होती. घरात मी आणि माझी आई अशी दोघेच. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिला मधुमेह आहे. रात्री आठाच्या ठोक्याला गोळी घ्यायची आणि लगेच पानावर बसायचे, यात मागेपुढे होता कामा नये, असा डॉक्टरांचा सक्त हुकूम आहे. बाहेरचे अन्न तिला चालत नाही; आणि चालले असते तरी तिने ते चालवून घेतले नसते. निघताना सौ.ने मला तीन गोष्टी बजावल्या होत्या. दूध नासवू नका, दार उघडे टाकू नका, आणि गॅसचा दुसरा सिलिंडर रिकामा आहे, तो आजच्या आज नोंदवा. पैकी पहिल्या दोन मी कसोशीने पाळल्या.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पाऊस कोसळू लागला आणि शिरस्त्याप्रमाणे दिवे गेले. साडेसहाला मी मेणबत्तीच्या उजेडात, आईच्या देखरेखीखाली, मुगाच्या डाळीची खिचडी शिजत टाकली. तांदूळ आणि डाळ तिने आधीच भिजवून ठेवली होती. मऊ खिचडी कुकरात नव्हे, पातेल्यातच व्हावी, हा तिचा सिद्धान्त आहे. खिचडीला चांगली उकळी फुटली, पाच-सात मिनिटे ती खदखदलीही, आणि मग शेगडीची ज्योत लहान लहान होत गेली. शेवटी एकदा तिने निळी उडी मारली आणि निजली. मी बटण फिरवून पाहिले, नळी हलवून पाहिली, सिलिंडर वाकवून पाहिला. कोपऱ्यातला मायक्रोवेव्ह दिवे गेल्यामुळे नुसतीच पेटी झाला होता.

"आता?" मी म्हटले.

"आता काय," आई म्हणाली, "ती माझी निळ्या काठाची गोधडी दे बघू."

पावसामुळे तिला गारठा वाजला असणार. मी गोधडी काढून दिली, अर्धीकच्ची खिचडी झाकून ठेवली, आणि टॉर्च घेऊन वरच्या मजल्यावर शास्त्रीबुवांकडे धाव घेतली.

शास्त्रीबुवा हे त्यांचे नाव नव्हे. ते आमच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतात, आणि शास्त्राखेरीज दुसरे काही बोलत नाहीत, म्हणून साऱ्या इमारतीने त्यांचे असे बारसे केले आहे. पण त्यांच्याकडे विजेची शेगडी. वीज नाही म्हणजे तीही थंड. वहिनी कीर्तनाला गेलेल्या. शास्त्रीबुवा अंधारात एकटेच बसले होते, आणि मी येताच त्यांना कोण आनंद झाला! मी त्यांच्याकडे शेगडी मागायला गेलो होतो. ते कागद आणि पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर खाली आले.

"खिचडी किती?" बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढून घेत त्यांनी विचारले.

"दोघांपुरती. उद्या सकाळची धरून."

"दोघांपुरती हे माप शास्त्राला कळत नाही. वजन सांगा."

"असेल दीड किलो, पाण्यासकट."

"उत्तम. आता आपण असं धरून चालू, की खिचडी पार निवाली. म्हणजे २५ अंशांवर आली. ती ९५ अंशांवर न्यायची. अशी खिचडी एक अंशानं तापवायला सुमारे ५,००० जूल लागतात. ७० अंशांना किती?"

"साडेतीन लाख," मी म्हटले. "पण हे जूल म्हणजे काय, ते आधी सांगा."

"शंभर ग्रॅमचा एक कांदा घ्या, आणि जमिनीवरून उचलून एक मीटर उंच फळीवर ठेवा. झाला एक जूल खर्च."

मी मनाशी हिशेब केला. साडेतीन लाख कांदे! शास्त्रीबुवांनी तो वजनात करून दिला, ३५ टन. सासुरवाडी नाशिककडची असल्यामुळे लासलगावच्या बाजारात उभे असलेले कांद्याचे ट्रक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तसले तीन-चार ट्रक भरून कांदा एक मीटर उचलायचा, तेव्हा कुठे दोन माणसांची खिचडी ऊन होणार. आणि हे काम माझी बायको रोज सकाळ-संध्याकाळ उभ्या उभ्या, गाणे गुणगुणत करते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

"म्हणजे काम करून खिचडी तापवता येते?" मी विचारले.

"न यायला काय झालं? काम आणि उष्णता या एकाच घरच्या लेकी. आणि याचा पहिला दाखला स्वयंपाकाचाच आहे म्हणा ना!"

मग त्यांनी रम्फर्डची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ जन्माने अमेरिकन, नाव बेंजामिन थॉम्प्सन. पुढे तो बव्हेरियाच्या अधिपतीच्या चाकरीत शिरला आणि काउंट रम्फर्ड झाला. म्युनिचच्या शस्त्रागारात पितळी तोफांना भोक पाडण्याचे काम चाले. ते पाडताना तोफ भाजण्याइतकी तापते, हे त्याने पाहिले. त्या काळी उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे आणि तो वस्तूंत मुरलेला असतो, असे विद्वान समजत. मग तोफ कितीही घासली तरी हा द्रव संपत कसा नाही? रम्फर्डने मुद्दाम बोथट हत्यार घेतले, तोफेच्या तुकड्याभोवती पेटी बसवून तीत साडेआठ किलोच्या आसपास पाणी ओतले, आणि घोड्यांकडून यंत्र फिरवायला सुरुवात केली. अडीच तासांनी ते पाणी उकळले. खाली जाळ नाही, धूर नाही, आणि पाण्याला आधण! बघे तोंडात बोटे घालून उभे राहिले. १७९८ साली रम्फर्डने ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली.

"आणि त्यात त्यानं स्वयंपाकाचाही विचार केला आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "अडीअडचणीला या रीतीनं अन्न शिजवता येईल, असं तो म्हणतो. पण लगेच पुढे सांगतो, की यात फायदा कधीच नाही. घोड्याला जो चारा घालायचा तोच चुलीत घातला, तर जास्त उष्णता मिळेल."

मला रम्फर्डबद्दल एकदम आपलेपणा वाटला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका काउंटाने घोडे जुंपून काढलेला निष्कर्ष आमच्या कोणत्याही आजीने चुलीपुढे बसूनच सांगितला असता. शास्त्रीबुवांनी जाता जाता असेही सांगितले, की या रम्फर्डने १८०५ साली लाव्हाझिए या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या विधवेशी लग्न केले. पुढे एकदा त्याने तिच्या पाहुण्यांना फाटकाबाहेर ठेवले, तेव्हा बाईंनी त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. ते पाणी तिने कशावर तापवले होते, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

"आपल्याकडे घोडा नाही," मी म्हटले.

"हात तर आहेत? भाकरीचं पाहा. भाकरी थापताना प्रत्येक थापेत थोडी उष्णता होतेच. समजा, थापेला पाऊण जुलाच्या थोडं वर काम होतं. चाळीस थापांत झाले बत्तीस जूल. भाकरीचं वजन १२० ग्रॅम धरलं, तर ती तापली एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी."

"आणि नुसत्या थापांवर भाजायची झाली तर?"

पेन्सिल चालली. "तीस हजार थापा. सेकंदाला दोन या वेगानं सव्वाचार तास. मधल्या वेळात ती निवणार नाही, असं गृहीत धरून."

तीस हजार थापा! निवडणुकीच्या हंगामात ही संख्या काही अशक्य नाही. पण तसल्या थापांनी कोणाची भाकरी भाजल्याचे ऐकिवात नाही. मी तसे म्हणताच शास्त्रीबुवा म्हणाले, "एकाच थापेत काम उरकायचं असेल, तर तीही सोय आहे. हात सेकंदाला ३५० मीटर वेगानं आला पाहिजे. आवाजाहून थोडा जास्तच. म्हणजे थाप आधी बसेल आणि तिचा आवाज मागाहून ऐकू येईल." शाळेत आमच्या गणिताच्या गुरुजींचा हात याच वेगाने येत असे, असा माझा अनुभव आहे. पण तेव्हा तापत असे तो फक्त माझा गाल.

"थट्टा नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "मिक्सरमध्ये चटणी जास्त वेळ फिरवली की कोमट होते, हे वहिनींना विचारा. तिथे दुसरं काय होतं? मिनिटाला हजारो थापा. म्हणून पाट्यावरची चटणी हिरवी राहते आणि मिक्सरमधली काळवंडते."

एवढ्यात आतून भांड्यांचा आवाज आला. "आई, काही हवंय का?" मी ओरडलो. "काही नको. तुमचं चालू द्या," ती म्हणाली. सव्वासात वाजले होते. मी अस्वस्थ झालो. पण शास्त्रीबुवांची गाडी आता घाटाला लागली होती.

"खिचडी उंचावरून टाकली तर?" ते म्हणाले. "पडताना आलेला वेग आपटल्यावर उष्णतेत बदलतो. पाणी ४२७ मीटरवरून पडलं, तर ते एका अंशानं तापतं. खिचडीला ३४० मीटर पुरतील."

"आमचा हा तिसरा मजला."

"नऊ मीटर. म्हणजे एका अंशाचा चाळिसावा भाग. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. तेवढ्या उंचीवरून पाच अंश मिळतील. सत्तर अंश हवेत, तर चोवीस किलोमीटर वर जायला हवं. एव्हरेस्टच्या अडीच पटींहून जास्त! आणि तेही हवा मध्ये आली नाही तर. हवा आहेच, त्यामुळे एका ठरावीक वेगापुढे पातेलं काही जाणार नाही. उरलेली सगळी उष्णता वाटेतल्या वाऱ्याला."

आणि उरलेली सगळी खिचडी खालच्या पहारेकऱ्याच्या डोक्याला, असे मी मनात म्हटले.

हा पाण्याचा हिशेब मांडला तो जेम्स जूल या इंग्रजाने. त्याच्याच नावाने ते कांदे मोजायचे. मँचेस्टरजवळच्या एका बिअर कारखानदाराचा हा मुलगा. दोरीला वजने बांधून ती खाली सोडायची, त्यांच्या ओढीने पाण्यातली वल्ही फिरवायची, आणि पाणी किती तापले ते मोजायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा उद्योग. १८५० साली त्याने आकडा जाहीर केला. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवायला ७७२ फूट-पौंड काम लागते. पुढे आणखी बारकाईने मोजून त्याने तो ७७२.५५ असा सुधारला, आणि हा आकडा त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलेला आहे. थडग्यावर दशांशचिन्ह मिरवणारा दुसरा महापुरुष मला तरी माहीत नाही.

१८४७ साली जूलचे लग्न झाले. लॉर्ड केल्व्हिनने पुढे सांगितलेली हकीकत अशी, की नवदांपत्य आल्प्स पर्वतात हिंडायला गेले असता तो वाटेत भेटला, आणि जूलच्या हातात लांबलचक उष्णतामापक होता. धबधब्याच्या माथ्यावरच्या पाण्यापेक्षा पायथ्याचे पाणी किती ऊन असते, ते त्याला मोजायचे होते. पण धबधब्याचे सारे तुषार झाले, आणि मोजणी काही साधली नाही.

"बायको काय म्हणाली?" मी विचारले.

"शास्त्रात त्याची नोंद नाही."

"ती नोंद सापडेल तेव्हा मला सांगा. ती माझ्या विषयात येते." जोगचा धबधबा २५३ मीटर आहे, म्हणजे तिथे पाण्यात पडणारा फरक जेमतेम अर्ध्या अंशाच्या वर. तेवढ्यासाठी मधुचंद्रात उष्णतामापक घेऊन हिंडणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार करणाऱ्या त्या माउलीचेही नाव कोठेतरी दगडावर कोरायला हवे होते.

साडेसात झाले. माझा धीर सुटला. "अहो, म्हातारं माणूस आत उपाशी बसलं आहे, आठाला गोळी घ्यायची आहे, आणि आपण इथे धबधबे मोजतो आहोत! नुसतं बोलून का खिचडी तापणार आहे?"

माझा आवाज चढला होता. शास्त्रीबुवा मात्र अधिकच खुलले.

"तापेल की! आवाज म्हणजे तरी काय? शक्तीच. तुम्ही आता बोललात तसं चढ्या स्वरात बोललं, तर तोंडातून सुमारे एक मिलिवॅट शक्ती बाहेर पडते. सेकंदाला एक जुलाचा हजारावा भाग. खिचडी राहू द्या, एक कप चहा घेऊ. दीडशे मिलिलिटर, तीस अंशांवरून ऐंशीवर. लागले ३१,५०० जूल. म्हणजे तीन कोटी पंधरा लाख सेकंद." ते थांबले. "अहो, हे तर बरोबर एक वर्ष झालं! कपापुढे बसून वर्षभर अखंड ओरडा, चहा तयार."

"झोप, जेवण, सुट्ट्या?"

"काही नाही. अखंड."

मला एक दुष्ट शंका आली. माझे आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांचे सोळा तास असतात, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावे म्हणून मी चढ्या आवाजातच शिकवतो. वर्षाला तीस आठवडे धरले, तर माझ्या व्याख्यानांनी चहाचा एक कप किती वर्षांत तापेल?

शास्त्रीबुवांनी गणित केले, पुन्हा तपासले, आणि जरा अपराधी स्वरात म्हणाले, "चोवीस वर्षं."

मेणबत्ती फडफडली. एकोणीस वर्षांच्या माझ्या साऱ्या अध्यापनाने, संत, पंत आणि तंत, अलंकार आणि वृत्ते, सारे जमेस धरून, चहाचा एक कपही पुरता तापला नव्हता! तो अजून सत्तर अंशांच्या अलीकडेच होता, आणि तोही एकोणीस वर्षे मुळीच निवला नसेल तर.

माझा चेहरा पाहून त्यांनी समजूत घातली. "नाउमेद होऊ नका. तुम्ही स्वतः चांगली शेगडी आहात. माणूस स्वस्थ बसला तरी त्याच्या अंगातून शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते."

"मग मी पातेल्यावर कोंबडीसारखा बसतो!"

"बसून उपयोग नाही. उष्णता पुष्कळ असणं वेगळं आणि ती वरच्या अंशावर असणं वेगळं. ती जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे आपण होऊन जाते, उलट नाही. तुमचं अंग ३७ अंशांवर. जन्मभर बसलात तरी खिचडी ३७ च्या वर जायची नाही. उलट आज खिचडी ऊन असती, तर तीच तुम्हाला तापवती."

शेवटी त्यांनी सायकल काढली. सर्वसाधारण प्रकृतीचा माणूस नेटाने पायंडे मारील, तर शंभर वॅट शक्ती देतो. त्यातली एकही वाया गेली नाही, तर साडेतीन लाख जुलांना सुमारे एक तास. इतक्या चमत्कारांत हा एक मला शक्य कोटीतला वाटला. पण त्या एका तासाच्या घामाऐवजी गॅस किती लागला असता, हे मी विचारले, आणि शास्त्रीबुवा म्हणाले, "शेगडीवर वाया जाते ती उष्णता धरूनसुद्धा तेरा ग्रॅम."

तेरा ग्रॅम! साडेचौदा किलोला थोडी कमी अशी ती लाल टाकी. तीत अशा हजाराच्या वर खिचड्या बसतात. हजार तास सायकल! आणि ती नोंदवायला मला वेळ झाला नव्हता.

"हास्यास्पद म्हणून कशालाही हसू नये," शास्त्रीबुवा सांगत होते. "१९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा एक तंत्रज्ञ रडारच्या नळीजवळ उभा होता. त्याच्या खिशातली मिठाईची वडी वितळली. दुसरा असता तर त्यानं धोब्याला शिव्या दिल्या असत्या. यानं मक्याचे दाणे आणून नळीपुढे धरले, आणि त्यांच्या लाह्या झाल्या. तुमच्या स्वयंपाकघरातली ती पेटी त्या खिशातून निघाली आहे. आणि सूर्य विसरू नका. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली मोठमोठे आरसे बसवले, ते उन्हानं वाफ करून हजारो माणसांचं जेवण रांधण्यासाठीच."

"सूर्य मावळला आहे," मी म्हटले, "आणि श्रावण आहे."

घड्याळात आठाला दोन मिनिटे कमी होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली. "अरे, गोळी घेतली मी. पानं घ्या आता. शास्त्रीबुवा, तुम्हीही बसा. कीर्तन काही नवाच्या आत सुटत नाही."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत आत गेलो. आई पाटावर बसली होती, आणि तिच्यासमोर निळ्या काठाच्या गोधडीचे एक भलेमोठे गाठोडे होते. तिने गाठ सोडली. आत जुन्या वर्तमानपत्रांचे चार-सहा थर, आणि त्यात झाकण घट्ट बसवलेले ते पातेले. तिने झाकण काढले मात्र, वाफेचा असा लोट उठला की शास्त्रीबुवांच्या चष्म्यावर धुके जमले. डाळ गळली होती, तांदूळ फुलले होते. अगदी हवी तशी मऊ खिचडी.

शास्त्रीबुवा एक शब्द न बोलता वर गेले आणि उष्णतामापक घेऊन आले. आई "अहो, अहो" म्हणत असतानाच त्यांनी तो धुऊन खिचडीत खुपसला. ८४ अंश.

"काकू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आम्ही असं धरून चाललो होतो, की खिचडी निवाली."

"निवू दिली तर निवणार ना!" आई म्हणाली, आणि तिने त्यांच्या पानात तूप वाढले.

आमच्या साऱ्या गणितात चूक कोठेच नव्हती. कांदे बरोबर होते, थापा बरोबर होत्या, चोवीस किलोमीटर बरोबर होते. फक्त पहिलेच वाक्य चुकले होते. हातात आलेली उष्णता गेली असे धरून आम्ही ती नव्याने कशी मिळवावी याचा दीड तास खल केला, आणि आईने ती जाऊच दिली नाही. शास्त्रीबुवांनी जेवता जेवता ताटाशेजारी बोटाने हिशेब केला. दीड तासात खिचडीने गमावले ते चौदा अंश, म्हणजे गळती फक्त तेरा वॅट. एका लहान दिव्याइतकी. गोधडीच्या आणि कागदांच्या थरांत अडकलेली हवा जागची हलत नाही, आणि स्थिर हवेसारखी उष्णतेची वाट अडवणारी वस्तू विरळा. १८६७ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेकरांनी अशीच एक शिजवण्याची पेटी मांडली होती, आणि महायुद्धाच्या काळात सरपण वाचवण्यासाठी इंग्लंडात घरोघरी गवत भरलेल्या पेट्या वापरीत, हेही त्यांनी सांगितले. आईने ते ऐकून घेतले. "झाकण मात्र मधे उघडायचं नाही," एवढीच तिने त्यात भर घातली.

"पण तुम्हाला हे सुचलं कसं, काकू?"

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सुचायचं काय त्यात? याचे वडील छापखान्यात रात्रपाळीला होते. यायला एक-दीड वाजायचा. रॉकेल रेशनवर. रात्री पुन्हा स्टोव्ह पेटवला तर महिनाअखेर पुरायचं नाही. म्हणून नवाला भाताला उकळी आणायची आणि गोधडीत बांधून ठेवायचं. त्यांना वाटायचं, मी उठून ऊन करून वाढते."

"मग तू उठत नव्हतीस?" मी विचारले.

"निजायची कुठे मी, उठायला?"

मला ते गाठोडे एकदम आठवले. लहानपणी रात्री कधी जाग आली, तर अंथरुणाच्या पायथ्याशी काहीतरी गोल, उबदार असे लागत असे. मी त्याला पाय लावून पुन्हा झोपी जाई. आई उशी ठेवते असे मी समजत होतो. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. आपले जेवण कशाने ऊन राहिले, हे त्यांना कधीच कळले नाही, आणि चाळिशी ओलांडीपर्यंत मलाही कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पहिले काम केले ते सिलिंडर नोंदवण्याचे. सौ. नाशिकहून परत आली तेव्हा हा वृत्तान्त तिच्या कानांवर घालावाच लागला. तिने तो शांतपणे ऐकला, आणि तिसरी सूचना विसरल्याबद्दल जे काही बोलायचे ते बोलून घेतले. शास्त्रीबुवांच्या मापाने ते भाषण चार जुलांच्या आसपास भरेल. पण मी चांगलाच तापलो, त्या अर्थी या शास्त्रात अजून काही संशोधन बाकी आहे.

माझ्या चहाच्या कपाचे मात्र मला अजून वाईट वाटते. परवा मी ते शास्त्रीबुवांना बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "तुमचा हिशेब वेगळा आहे. तुम्ही किती तापवलंत हे विचारू नका. ऐकणाऱ्यांपैकी कोणी गोधडी बांधून ठेवली का, ते विचारा." शास्त्राखेरीज न बोलणाऱ्या माणसाकडून हे ऐकल्यावर मला जरा बरे वाटले. तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत ओरडणे मी चालूच ठेवणार आहे. अजून पाच वर्षे आणि काही महिने बाकी आहेत. त्यानंतरच्या दिवाळीला आपण सहकुटुंब अवश्य चहाला यावे. कप एकच असेल, पण ऊन असेल.